माशांचे प्रेम आणि आमचे साडू

प्रेमात पडलेला एक जीव दुसऱ्या जिवाला ते कळवतो कसे, या विषयाचे आमच्या साडूंइतके ज्ञान अख्ख्या पूर्व भारतात दुसऱ्या कोणाला असेल असे मला वाटत नाही. आणि त्या ज्ञानाचा स्वतःच्या घरात त्यांच्याइतका कमी उपयोग करणारा माणूसही मी पाहिलेला नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. ऐन तारुण्यात सरकारी नोकरीवर ते कोलकात्याला आले. काम प्राण्यांवरच्या संशोधनाचे, आणि त्यातही यांच्या वाट्याला आले ते अंदमान-लक्षद्वीपच्या प्रवाळात राहणारे मासे. त्या माशांमधला नर मादीला 'माझ्या घरी ये' हे कोणत्या खुणेने सांगतो, आणि ती खूण पिढ्यानपिढ्या बदलत कशी जाते, एवढ्या एका प्रश्नावर त्यांनी सगळी नोकरी काढली. निवृत्तीनंतर सॉल्ट लेकमधल्या दोन खोल्यांच्या घरात तोच प्रश्न घेऊन बसले. बँकेने माझी कोलकात्याला बदली केली तेव्हा सख्खी बहीण जवळ मिळाली म्हणून बायको हरखून गेली. मला मात्र हे गृहस्थ लग्नाकार्यात मांडवाच्या खांबाशी उभे राहून रोषणाईकडे बघत असतात, यापलीकडे त्यांची काहीच माहिती नव्हती.

इतरांच्या घरी जिथे टीव्ही असतो तिथे त्यांच्याकडे एक भलीमोठी काचेची टाकी होती. तिच्यात मीठ कालवून केलेले समुद्राचे पाणी, मेलेल्या प्रवाळाचे दगड आणि बोटाएवढे निळे-काळे सहा-सात मासे. टाकीसमोर वेताची एक खुर्ची. या खुर्चीवर साडू सोडून कोणी बसत नसे. पाहुण्यांनी हळू बोलायचे, एकदम उठायचे नाही, आणि भडक कपडे घालून आल्यास आतल्या खोलीत बसायचे, असा त्या घराचा रिवाज होता. आम्ही पहिल्यांदा गेलो त्या दिवशी एका नराने दगडाची एक बाजू तोंडाने घासूनपुसून लख्ख केली होती आणि तो सारखा वर जाऊन सपकन खाली सूर मारत होता. साडूंनी ओठांवर बोट ठेवले. बायकोची बहीण, म्हणजे आमची ताई, चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबली. आम्ही सगळे अर्धा तास श्वास रोखून बसलो. शेवटी एक मादी त्या दगडापाशी गेली, साडूंनी पेन्सिलीने वहीत काहीतरी टिपले आणि म्हणाले, "आता चहा घ्यायला हरकत नाही." चहावर साय धरली होती. ताई म्हणाली, "घ्या, आमच्याकडे माशांचं जमल्याशिवाय माणसांना चहा मिळत नाही." ती हसत होती, पण हे वाक्य तिने पूर्वीही पुष्कळदा म्हटलेले असावे असे मला वाटले.

त्या वह्या मराठीत असत. नोकरीत जे इंग्रजीत लिहायचे ते लिहिले, पण मासा समोर असला की मनात मराठीच येते, असे त्यांचे म्हणणे. आणखी एक गोष्ट म्हणजे हा मनुष्य मासे खात नसे. सांगलीकडच्या शाकाहारी घरातला, बायकोही तिकडचीच केलेली. तरी रोज सकाळी मासळीबाजारात त्यांची फेरी ठरलेली. खाली वाकून एकेका माशाच्या डोळ्यात बघायचे, कोणाचा डोळा किती मोठा, बाहुली कुठे आहे ते पाहायचे आणि पुढच्या पाटाकडे जायचे. हाताला पिशवीसुद्धा नसे. विक्रेते आधी चिडत, मग त्यांना सवय झाली. मी एकदा बरोबर होतो तेव्हा उभ्या विळीवर रोहू मासा कापणारा एक म्हातारा मला म्हणाला, "दादा रोज दॅखेन, कोनोदिन केनेन ना." रोज बघतात, एक दिवस विकत घेत नाहीत. ही तक्रार नव्हती, घरातल्या वेड्या काकाबद्दल बोलावे तसा त्याचा सूर होता.

माणसांच्या समारंभातही त्यांचा मासा सुटत नसे. बराकपूरला लष्करातल्या एका मराठी अधिकाऱ्याच्या मुलीचे लग्न होते. मुलीचा लालभडक शालू सगळ्या बायका वाखाणत होत्या. साडू मुलीच्या वडिलांना बाजूला घेऊन गंभीरपणे म्हणाले, "रंग सुंदर आहे, पण वीस-पंचवीस हात पाण्याखाली गेलं की लाल राहतच नाही. काळपट दिसतो. तिथे पिवळा आणि निळाच चालतो." मुलीचे वडील बंदोबस्ताच्या गडबडीत होते. त्यांनी "हो का? बघतो," असे उत्तर दिले आणि थोड्या वेळाने मला येऊन विचारले, की हे मुलीकडचे की मुलाकडचे?

पण त्यांना बोलताना ऐकावे तर मंडळाच्या गणपतीतच. आमच्या मराठी मंडळात कोणीतरी हौसेने त्यांचे भाषण ठेवले. समोर आयटीतली तरुण जोडपी, बदलीवर आलेले आमच्यासारखे अधिकारी, कडेवरची पोरे आणि प्रसादाच्या वासाने चुळबुळणारे बाकीचे. साडू उभे राहिले आणि पाच मिनिटांत सभा चिडीचूप. ते म्हणाले, आपण समजतो की नर नटतो आणि मादी बघते. खरे उलटे आहे. आधी असते ती बघणारीची नजर. ती कोणत्या पाण्यात राहते, तिथे उजेड कोणता पोचतो, पोट भरायला ती काय शोधत फिरते, यावर तिच्या डोळ्याला काय पटकन दिसणार ते ठरते. मग एखाद्या नराच्या अंगावर योगायोगाने तसलाच ठिपका असतो. तो दिसतो. बाकीचे तितकेच चांगले असतील, पण दिसत नाहीत. त्याची पिल्ले होतात, ठिपका वाढतो, पुन्हा पिल्ले होतात, ठिपका आणखी वाढतो. वाढता वाढता तो शिकाऱ्यालाही दिसू लागतो, तेव्हा थांबतो. "म्हणजे खूण नर करत नाही," ते म्हणाले, "बघणारी ती घडवते. आणि स्वस्तातली खूण टिकत नाही. जी करताना दमछाक होते, तिच्यावरच मादी विश्वास ठेवते, कारण एवढे सूर मारूनही जो टिकतो तो अंडीही राखील." कोणीतरी विचारले, पाणी गढूळ झाले तर? साडू म्हणाले, "मग जुनी खूण पोचत नाही. नर सूर मारत राहतो, मादी समोरून निघून जाते. एकट्या माशाला काही बदलता येत नाही हो. बदलते ती जात, आणि तिला फार पिढ्या लागतात." पुढच्या रांगेतली एक मुलगी, कोलकात्यातच वाढलेली, तिने हात वर केला. "काका, तुम्ही काकूला कोणता कलर दाखवला होता?" सभागृह हसले. साडूंनी प्रश्न इतर प्रश्नांइतकाच मनावर घेतला. चष्मा काढला, पुसला, आणि म्हणाले, "त्याची नोंद नाही." लोक आणखीच हसले. ताईसुद्धा हसली. मी तिच्या शेजारीच होतो, म्हणून सांगतो, ती सगळ्यांच्या आधी हसायची थांबली.

ताईबद्दल इथे सांगितले पाहिजे. आमची ताई बडबडी, वाचनवेडी, बंगालीतसुद्धा भाजीवाल्याशी भांडून जिंकणारी बाई. एवढी वर्षे परमुलखात मुलगा वाढवला, त्याला पुण्याला नोकरीला लावले, आणि नवऱ्याच्या माशांचे पाणी बदलण्याची पाळीही सांभाळली. एका वर्षी टायफॉइडनंतर तिचे केस गळाले म्हणून तिने ते मानेपर्यंत कापून टाकले. साडूंना पत्ता लागला तो दिवाळीच्या अभ्यंगाला. "अगं, तुझे केस कुठे गेले?" तेव्हा ते पुन्हा खांद्यापर्यंत वाढलेले होते. हा किस्सा ती रंगवून सांगत असे. आम्हीही हसायचो. माझी बायको मात्र घरी येताना रिक्षात म्हणाली होती, "विनोद करून करून किती दिवस भागवणार ती?"

मग दोन वर्षांपूर्वीपासून ताईचे काहीतरी बिनसू लागले. ओळखीच्या बायका बाजारात हसल्या तरी ती सरळ निघून जाई. ताईला गर्व झाला, असे मंडळात बोलले जाऊ लागले. पुस्तके बंद झाली. सुईत दोरा ओवणे बंद झाले. डोळे दमतात म्हणायची आणि विषय बदलायची. एके दिवशी साडूंच्या देखत तिने चहा कपाच्या शेजारी टेबलावर ओतला. तेव्हा कुठे हा मनुष्य खुर्चीवरून उठला.

आणि उठून त्यांनी जे केले ते जगात फक्त आमच्या साडूंनीच करावे. त्यांनी ताईला डॉक्टरकडे नेले नाही. त्यांनी विचार केला. ताईला काय काय सापडत नाही ते आठवले: कुंकवाचा करंडा, लाल झाकणाची लोणच्याची बरणी, गॅसचे लाल बटण. तिन्ही लाल! ज्याने आयुष्यभर खोल पाण्यात लाल रंग आधी विझताना पाहिला, त्याला आणखी पुरावा कशाला हवा? बायकोच्या डोळ्यांतून लाल जातो आहे, निळा टिकेल, असा निष्कर्ष निघाला आणि घर निळे होऊ लागले. निळ्या बरण्या आल्या, निळे कप आले, न्हाणीघराचे दार निळे झाले. स्वतः साडू रोज निळा शर्ट घालू लागले. रंगारी स्वयंपाकघरात उभा राहून केविलवाणेपणाने विचारत होता, "रान्नाघोरओ नील, दादा?" आणि हे म्हणत होते, "हँ हँ, शोब नील." आम्ही गेलो तेव्हा टाकीत शिरल्यासारखे वाटले. ताई मधोमध बसून होती. मला म्हणाली, "श्रीधरराव, मला ह्या निळ्याने मळमळतं, पण ह्यांनी पहिल्यांदाच माझ्यासाठी काहीतरी केलंय. नको कसं म्हणू?"

या निळ्या रंगात तीन आठवडे गेले. शेवटी माझ्या बायकोने भांडून ताईला डॉक्टरकडे नेले, मी आणि साडू मागोमाग. डॉक्टर म्हातारे होते, हिंदी-बंगाली मिसळून बोलत होते. रंगाचा काही संबंध नव्हता. डोळ्याच्या पडद्याचा मधला भागच खराब होत चालला होता. म्हणजे ज्याच्याकडे रोखून बघावे नेमके तेच पुसले जाणार. समोरच्याचा चेहरा, पुस्तकातले अक्षर, हातातला कप. कडेचे मात्र दिसत राहील, कडेला काही हलले तर कळेल. साडूंनी विचारले, आधी आणले असते तर? डॉक्टर म्हणाले, नक्की सांगता येत नाही, पण एका डोळ्याचे कदाचित थोडे राखता आले असते. जिने उतरून खाली आल्यावर रस्त्यात थांबून त्यांनी आपल्या निळ्या शर्टाकडे पाहिले. त्यांच्याकडे बघायचा मला धीर झाला नाही.

त्यानंतर ताईने ठरवले, की मुलाकडे पुण्याला कायमचे जायचे. एकटीने. माझ्या बायकोला म्हणाली, "इथे राहून काय करू गं? ह्यांना त्यांचे मासे आहेत. मला तर आता ह्यांचा चेहराही दिसत नाही, म्हणजे होतं ते एकतर्फीसुद्धा गेलं." साडूंना सांगितले तर ते "तिचा निर्णय तिचा," एवढेच म्हणाले. माझे डोके फिरले. वयाने, मानाने मोठे असले तरी मी त्यांना गाठून सुनावले, "अहो, तिला थांब म्हणा! तोंडाने म्हणा! एवढं कळतं तुम्हाला प्रेमातलं!" ते शांतपणे म्हणाले, "म्हणायला काय लागतं, श्रीधरराव? तोंडाचे शब्द फुकट असतात. चाळीस वर्षांनंतर तिने त्यांच्यावर का विश्वास ठेवावा?" त्यांचेच बरोबर असावे अशी मला शंका आली आणि मी आणखी चिडलो.

पण पुढच्या रविवारी गेलो तर वेताची खुर्ची टाकीकडे पाठ करून ठेवलेली. साडू त्यात बसून स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होते आणि वहीत टिपत होते. मागे टाकीत कोणी सूर मारत होते का, कोणाचे जमत होते का, त्यांना पर्वा नव्हती. थोड्या वेळाने ते उठून फ्रिजच्या डावीकडे जाऊन उभे राहिले. मग उजवीकडे. मग ताईच्या खांद्यामागे. आणि काय सांगू, सत्तरीला टेकलेला हा सुकडा गृहस्थ फ्रिजचा कोपरा धरून गुडघ्यात वाकायचा आणि वर यायचा, वाकायचा आणि वर यायचा. ताई कुजबुजत म्हणाली, "ह्यांना काहीतरी झालंय गं. हल्ली दिवसभर माझ्या कडेकडेने हलत असतात." बायकोने माझ्याकडे पाहिले. मी मनात म्हटले, झाले, हाही गेला.

महिना असाच गेला. मुलगा ताईला न्यायला आला. दुपारचे विमान होते. माझी बायको सकाळपासून ताईची बॅग भरत होती आणि मी मदतीच्या नावाखाली पलंगावर बसलो होतो. साडू ताईसाठी वाटेत खायला म्हणून तिच्या आवडीचा संदेश, ही बंगाली मिठाई, आणायला बाहेर गेले होते. कपड्यांच्या ढिगाशेजारी ती वही पडलेली बायकोच्या हाताला लागली. ताई म्हणाली, "वाच बघू. काय लिहितात एवढं? मासे तर बघत नाहीत हल्ली." बायकोने मोठ्याने वाचायला सुरुवात केली. ती वही माझ्यासमोर आजही उघडी आहे असे वाटते.

"सकाळी सात. उजेड पूर्वेचा. ती ओट्याशी. समोर उभा राहिलो. ओळखले नाही. सकाळी सव्वासात. डाव्या बाजूस उभा राहून हात हलवला. मान किंचित वळवली, पण भिंतीकडे बघून. म्हणजे जे बघायचे त्यावरून नजर बाजूला नेते. हे ती स्वतःच शिकली. कोणी शिकवले नाही." पुढे पानामागून पान. "उजवा डोळा अधिक बरा. स्थिर उभा राहिल्यास मी खांब. हललो तर मी. दुपारी तीन. एकटी बसली आहे. पुस्तक मांडीवर, बंद. अर्धा तास मुखपृष्ठावरून हात फिरवते." "वर-खाली हललेले आडव्या हलण्यापेक्षा लवकर कळते. वीस वेळा करून पाहिले. गुडघे दुखतात. तरी तेच बरे." "निळ्या कपाचा तिला कंटाळा येतो. मला बरे वाटावे म्हणून वापरते. हे मला पूर्वी कधी कळले नसते." आणि शेवटच्या पानावर, आदल्या दिवशीचे, "उजव्या खांद्याच्या जरा मागे, हातभर अंतरावर. तिथे मी तिला दिसतो. चार वेळा दिसलो. चारही वेळा तिचा चेहरा सैल झाला. ती उद्या जाणार. तिथे त्या जागी कोण उभे राहील, ते मुलाला समजावून सांगावे."

बायकोने वही मिटली. मुलगा दाराशी येऊन थांबला होता, तो मागे वळून गॅलरीत गेला. ताई म्हणाली, "कुठे उभं राहायचं म्हणाले? परत वाच." बायकोने परत वाचले. तेवढ्यात जिन्यावर पावले वाजली. साडू आत आले, हातात संदेशाचा खोका, घामाने चिंब. वही कोणाच्या हातात आहे हे त्यांनी पाहिलेही नाही. सवयीने ताईच्या उजव्या खांद्यामागे जाऊन उभे राहिले आणि वाकू लागले. ताईने मान वळवली, पण त्यांच्यावर नाही, शेजारच्या खिडकीकडे, कारण त्यांना बघायचे तर तिला तसेच बघावे लागणार होते. म्हणाली, "अहो, पुरे. गुडघे सुजतील. बसा." आणि मग मुलाला हाक मारून सांगितले, की माझी बॅग राहू दे, तू एकटा जा. मुलगा एकटाच विमानाला गेला. संदेश आम्ही सगळ्यांनी खाल्ला.

आता संध्याकाळी सॉल्ट लेकच्या बागेत दोघे फिरायला जातात. ताई पुढे, साडू अर्धे पाऊल मागे, उजवीकडे, आणि त्यांचा हात सारखा कल्ल्याजवळच्या परासारखा हलत असतो. दोघे कधी एकमेकांकडे तोंड करून बोलत नाहीत, ती एकीकडे बघते आणि हे तिच्याकडे. बागेतल्या बंगाली मंडळींची खात्री आहे की या मराठी जोडप्याचे कडाक्याचे भांडण चालू आहे. मासळीबाजारातला म्हातारा मला हल्ली विचारतो, दादा येत नाहीत, तब्येत बरी आहे ना? मी बरी आहे म्हणतो.

गेल्या महिन्यात माझी पुन्हा बदली झाली. निरोपाचा चहा ताईकडे होता. साडू तिच्या उजव्या अंगाला बसून तिच्या हातापाशी बशी सरकवत होते. ते पाणी आणायला आत गेले तेव्हा मला राहवले नाही. मी विचारले, "ताई, खरं सांगा, दिसतात का हो ते तुम्हाला?" ती हसली. म्हणाली, "चेहरा नाही दिसत. माझ्यासाठी कोणीतरी हलतंय, एवढं कळतं." मग हलक्या आवाजात म्हणाली, "चेहरा दिसत होता तेव्हा हे माझ्याकडे बघत नव्हते. आता दिवसभर बघतात, तर मला चेहरा दिसत नाही. चालायचंच, श्रीधरराव." आणि चिवड्याची वाटी चाचपून तिने माझ्यापुढे सरकवली. मी वाटी घेतली.